तृणहर महाराजांचं तीर्थ

पिराजीच्या शेताच्या बांधावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या मारतहळ्ळीतली घरं ओस पडली होती, बेळ्ळंदूरहून बैलगाड्या भरून आल्या होत्या आणि बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या डोक्यावरच्या टोपल्या न उतरवताच माना उंचावून उभ्या होत्या. पोटरीभर वाढलेल्या रागीत, म्हणजे नाचणीत, भगवं धोतर सावरत, तृणहर महाराज उभे होते. हातात आंब्याचा डहाळा. शेजारी पिराजी तांब्याची घागर छातीशी कवटाळून, जणू तिच्यात त्याचा जीव ठेवला होता.

"हे भूमाते!" महाराज गरजले. "तुझ्या उदरी जे उपरे उगवले, ते उन्मळोत! जे तुझे आहेत, ते तरोत! ॐ तृणहराय स्वाहा!"

डहाळा घागरीत बुडला, बाहेर आला आणि रागीवर पाऊस पडल्यासारखे थेंब उडाले. कापराचा वास बांधापर्यंत दरवळला. लोकांनी "गोविंदा, गोविंदा" असा गजर केला. मग महाराज पुढे, पिराजी मागे, अशी सरी-सरीनं मिरवणूक चालली. पिराजी स्वतःही ओंजळीनं तीर्थ शिंपडत होता. वारा सुटला की ते त्याच्याच तोंडावर उडायचं आणि तो डोळे मिटून धन्य व्हायचा.

चमत्कार बघायचा तर शेताच्या वरच्या तुकड्यात जावं लागे. तिथे महाराजांनी मागच्या आठवड्यात तीर्थ शिंपडलं होतं. मीही जाऊन वाकून बघितलं. माठ, घोळ, टाकळा, कुर्डू, सगळ्यांच्या माना पिरगळल्या होत्या. देठ दोरखंडासारखे पिळले गेले होते, पानं सुकून काळपट झाली होती. आणि त्या सगळ्या मढ्यांमधून रागी ताठ उभी, हिरवीगार. खोटं कशाला सांगू, माझंही तोंड क्षणभर उघडंच राहिलं.

"महाराज," गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं, "ही हरळी मात्र तशीच राहिली की."

"बाळा, हरळी म्हणजे दूर्वा. दूर्वा कुणाची?"

"गणपतीची, स्वामी."

"मग माझं तीर्थ गणरायाच्या पानाला हात लावील?"

"आणि लव्हाळा?"

"तो दूर्वेचा धाकटा भाऊ!"

लोकांनी पुन्हा गजर केला. मला मात्र हसू आवरेना. ज्याचं नावच गवत मारणारा, त्याच्या तीर्थानं गवत सोडून बाकी सगळं मरत होतं.

मी फत्तेसिंग. तेव्हा विमानाच्या कारखान्यात फिटर होतो. आमच्या कामात नट ढिला झाला तर माणूस पाना शोधतो, नारळ शोधत नाही. तीच सवय मला सगळीकडे लागली होती. माझे थोरले भाऊ जयसिंगराव, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, घरची शेती बघायचे: अर्ध्यात रागी, अर्ध्यात तंबाखू. घर एकच होतं. अण्णांच्या पत्नी गोजराबाई घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या अक्का. आणि माझी बायको अहल्या शहरातल्या मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायची. रोज मोटारीनं जायची, मोटारीनं यायची, आणि आली की चुलीपाशी अक्कांच्या शेजारी बसायची. जावा-जावांचं आमच्याकडे बरं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, त्या बाबाला नाव बदलायला सांगा. गवतच मरत नाही त्याच्यानं."

"हस तू," अण्णा म्हणाले. "तुमच्या कारखान्यांचे भोंगे वाजायला लागले आणि माझ्या शेतातले हात गेले. पूर्वी हाक मारली की खुरपायला बायका यायच्या. आता सगळ्या पाळीवर जातात. तंबाखूत तण माजलंय, रोपं गुदमरतायत. महाराज एका सकाळीत शेत साफ करतात. तू येतोस खुरपं घेऊन?"

थट्टेनं शेतातलं तण जात नाही.

शिवाय महाराजांची भाषा. आमच्या घराण्यांना इकडे कानडी मुलखात येऊन तीनशे वर्षं झाली. आमच्या मराठीत आता 'थोडं थांबा'ला 'स्वल्प थांबा' आणि 'बरं, बरं'ला 'सरी, सरी' असंच चालायचं. महाराज मात्र "मी तुमच्याच मुळाकडला, निपाणीच्या बाजूचा" म्हणून सांगायचे आणि संस्कृत शब्द असे पेरायचे की आमच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मुलखातून कुणी आपल्याला भेटायला आलं, असंच त्यांना वाटायचं.

तंबाखूला मात्र महाराज इतके दिवस शिवले नव्हते. कुणी विचारलं की म्हणायचे, "तंबाखू तामसी. तिच्यावर तीर्थ चालवायचं तर मोठा त्याग लागतो." तो त्याग कोणता, हे हळूहळू कळलं. तळ्याच्या अंगाला आमचा विहिरीजवळचा एक तुकडा होता, बारमाही पाण्याचा. तो मठासाठी दिला तर महाराज स्वतः आमच्या तंबाखूत उतरणार होते. अण्णांनी होकार दिला. येत्या शुक्रवारी गावासमोर उदक सोडायचं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात अक्कांची तुळस मेली.

अक्का फार भाविक. महाराजांच्या घागरीतलं थोडं तीर्थ त्यांनी तांब्यात मागून आणलं आणि संध्याकाळी मोठ्या भक्तीनं वृंदावनातल्या तुळशीवर शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दिवा लावायला गेल्या आणि त्यांच्या हातून निरांजन पडलं. तुळशीचे शेंडे खाली वळले होते. पानं उलटी मुडपली होती. दोन दिवसांत देठ पिळवटून गेले.

"अय्यो देवा! माझ्या हातून काय पाप झालं गं!" अक्का वृंदावनाला टेकून बसल्या त्या उठेनात.

महाराजांना बोलावणं गेलं. ते आले, तुळशीकडे पाहिलं. आता आठवलं की मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून भीतीची एक रेघ सरकून गेली. पण माणूस मुरलेला. डोळे मिटले, नाकानं मोठा श्वास घेतला आणि बोटानं हवेत काहीतरी लिहिलं.

"तीर्थ पाप आणि पुण्य ओळखतं, माते. तीर्थ एकच, पाप असेल तिथे जाळतं, पुण्य असेल तिथे वाढवतं. तुळस पापी नाही. पण तुळशीला पाणी घालणारा कुणाचा तरी हात परक्या विद्येनं विटाळलेला आहे."

आमच्याकडे सकाळची घाई असली की तुळशीला पाणी अहल्या घालायची. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"शुक्रवारपर्यंत या बाईचा हात चुलीला आणि देवाला लागू देऊ नका," महाराज म्हणाले. "त्या दिवशी सगळं शुद्ध होईल."

मी पुढे सरसावलो. अहल्यानं माझं मनगट धरलं. "अहो, थांबा. मारून काय कळणार आहे?"

त्या रात्री अक्कांनी अहल्याला ताट वाढून दिलं, पण तिनं कणीक मळायला घेतली तेव्हा परात ओढून घेतली. अहल्या मला नंतर म्हणाली, "महाराज बोलले त्याचं काही वाटलं नाही. अक्कांनी परात ओढली, तेव्हा मात्र वाटलं."

सकाळी ती वृंदावनापाशी उकिडवी बसली. मला वाटलं, रडत असेल. जवळ गेलो तर बाईसाहेब तुळशीचं मेलेलं पान चुरगळून हुंगत होत्या.

"कापूर आहे," ती म्हणाली. "पण त्याच्या खाली फिनेलसारखा उग्र वास येतोय. अहो, आणि हे बघा." तुळशीच्या बुंध्याशी हरळी उगवली होती. तिच्यावरही तीर्थ पडलं असणारच. ती मजेत डुलत होती. "तुळस पवित्र, ती मेली. लव्हाळ्याला कुणी देवळात नेत नाही, तो पिराजीच्या शेतात जिवंत आहे. मग हे पापपुण्याचं कसं म्हणायचं? चला, पिराजीच्या शेतात जाऊ. काय मेलं आणि काय जगलं ते नीट बघू."

आम्ही गेलो. अहल्या सरीतून चालत एकेक झाड बघत होती. रुंद पानाचं जे जे होतं ते पिळवटलं होतं. रागी, हरळी, लव्हाळा, बांधावरची ज्वारी, सगळी बारीक लांब पानाची मंडळी सुखरूप. बांधाला लागून पिराजीनं चार वांगी लावली होती. त्यांच्यावर कुणी तीर्थ शिंपडलं नव्हतं, फक्त वाऱ्यानं थेंब उडाले असतील. त्यांचीही पानं कपासारखी वळली होती.

"वांग्यांनी काय पाप केलं?" अहल्या म्हणाली.

पिराजी तिथेच होता, पण कण्हत बसला होता. त्याचे तळहात लालभडक झाले होते, बोटांची साल निघत होती. सकाळपासून मळमळत होतं.

"पिराजी अण्णा, हात साबणानं धुतले का?"

"तीर्थ धुवून टाकू, बाई? महाराज म्हणाले, पाप सालीवाटे बाहेर पडतंय."

"मग महाराजांच्या हातांची साल का निघत नाही?"

पिराजी जरा विचारात पडला. "त्यांच्यात पापच नाही ना," तो म्हणाला. मला मात्र आठवलं, महाराज डहाळ्याच्या लांब टोकाला धरून शिंपडायचे, वाऱ्याकडे पाठ करून, आणि शिंपडून झालं की 'शुद्धी' म्हणून घरी जाऊन राखेनं हात घासायचे.

अहल्या दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर शहरातल्या शेतकी औषधांच्या दुकानात गेली आणि एक लहान डबा घेऊन आली. तिनं कॉलेजात असताना तण मारणारं हे औषध पाहिलं होतं. टू-फोर-डी त्याचं नाव. तेव्हा नवंच होतं. मळ्यावाले आणि शेतकी खातं सोडलं तर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "चल, चावडीवर जाऊन डबा आपटू लोकांपुढे."

"नको. आधी अक्का."

"अक्का? त्या तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"म्हणूनच."

ती डबा घेऊन अक्कांपुढे गेली. "अक्का, मी तुमच्या चुलीला शिवणार नाही. देवाला शिवणार नाही. फक्त एक करा. मी पाण्यात औषध कालवते. शिंपडायचं तुम्ही, तुमच्या हातानं. तुमच्या हाताला तर काही विटाळ नाही ना?"

अक्कांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. मग पदर खोचून उठल्या. "आण. पण देवाचं नाव घेऊन शिंपडीन मी."

"घ्या की."

परसात फुटक्या मडक्यांत अहल्यानं रोपं लावली होती: तुळशीचं एक, तंबाखूचं एक, माठाचं एक, आणि हरळीचा एक गड्डा. तिनं हाताला जुन्या सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, नाकाला पदर बांधला, वारा पडलाय का ते बघितलं, आणि काठीनं औषध ढवळलं. अक्कांच्या हातालाही तिनं तसंच रबर बांधून दिलं. अक्कांनी "श्रीराम, श्रीराम" म्हणत शिंपडलं. मग तिनं दोघींचे हात साबणानं धुतले, काठी आणि भांडं जमिनीत पुरलं.

सकाळी मी उठलो तर अक्का परसात मडक्यांपुढे उभ्या होत्या. तुळशीचा शेंडा खाली वळला होता. माठ लोळला होता. तंबाखूच्या रोपाचं तर बघवत नव्हतं. त्याची रुंद पानं मुठीसारखी आवळली होती. हरळीला काही झालं नव्हतं.

"हे असंच झालं होतं माझ्या तुळशीला," अक्का हळूच म्हणाल्या. "अस्सं."

अहल्या त्यांच्या शेजारी येऊन बसली. "अक्का, झाडाला वाढवणारा रस असतो, त्याची ही नक्कल आहे. रुंद पानाच्या झाडात शिरलं की झाड वेड्यासारखं वाढायला लागतं. एक बाजू जास्त, एक बाजू कमी. म्हणून देठ पिळतो आणि झाड मरतं. गवताच्या जातीला, म्हणजे रागी, भात, हरळी यांना ते फारसं बाधत नाही. पापाचा काही संबंध नाही."

"म्हणजे शुक्रवारी यांनी तंबाखूवर हे शिंपडलं असतं तर..."

"तंबाखूइतकं रुंद पान आपल्या शेतात दुसरं कुणाचं आहे?"

अक्कांनी एकदा मडक्याकडे, एकदा अहल्याकडे पाहिलं. "आत चल," त्या म्हणाल्या. "कणीक मळायची राहिलीय. माझे हात दुखतात."

अहल्या आत गेली. मी परसातच थांबलो. उगाच खोकला आल्याचं दाखवलं.

शुक्रवार उजाडला. तंबाखूच्या शेताच्या कडेला अख्खं गाव. महाराज आज दोन भांडी घेऊन आले होते. पिराजीच्या हातात नेहमीची तांब्याची घागर, आणि स्वतःच्या हातात चांदीचा एक छोटा गडू.

"आज विशेष तीर्थ," ते गडू उंचावून म्हणाले. "तामसी पिकासाठी सात नद्यांचं."

अहल्या माझ्या कानाशी म्हणाली, "तंबाखूच्या मुलखातला, निपाणीकडचा माणूस. तंबाखू मरेल हे त्याला पक्कं ठाऊक आहे. गडूत साधं पाणी असणार. जमीन पदरात पडली की हा पुढच्या गावाला."

अक्का हात जोडून पुढे झाल्या. "महाराज, एक विनंती. तंबाखूवरही घागरीतलंच तीर्थ शिंपडा."

"माते, प्रत्येक पिकाचं तीर्थ निराळं."

"पण आमच्या वृंदावनापाशी आपणच म्हणालात, तीर्थ एकच, ते पापपुण्य ओळखतं. माझी तुळस त्यानं ओळखली. तंबाखूही ओळखू दे."

लोकांत कुजबूज झाली. महाराजांनी भुवया ताणल्या. "संशयी घरात तीर्थ चालत नाही. ही परक्या विद्येची बाई..."

"तिचं नाव अहल्या," अक्का म्हणाल्या. "माझी जाऊ आहे."

मग आम्ही मडकी पुढे आणली. अक्कांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं: बाजारातलं औषध, त्यांच्या हातानं शिंपडलेलं, रामाचं नाव घेऊन. माना पिरगळलेली तुळस, आवळलेली तंबाखू, आणि धडधाकट हरळी. मडकी हातोहात फिरली. ज्यांच्या शेतात महाराज येऊन गेले होते त्यांना दाखवून द्यावं लागलं नाही.

"कपट!" महाराज ओरडले. "हे बाजारी विष आहे! माझ्या घागरीत गंगा आहे, गंगा! ज्याला संशय असेल तो भस्म होईल!"

काही माणसं अजून त्यांच्या बाजूची होती. त्यांनी पुन्हा गजर केला. अण्णा मध्येच उभे, इकडे बघावं की तिकडे, त्यांना कळेना.

पिराजीचे डोळे मात्र भरून आले होते. त्याला कुणाचा पराभव नको होता. त्याच्या महाराजांना कुणी खोटं म्हणतं हेच त्याला सहन होत नव्हतं. त्यानं घागर खाली ठेवली.

"महाराज, मी दाखवतो यांना," तो म्हणाला. "गंगाच आहे ना? मी पितो. सगळ्यांच्या देखत पितो."

आणि त्यानं साल निघालेली ओंजळ घागरीत बुडवून तोंडाकडे नेली.

"पिराजी अण्णा, नको!" अहल्या धावली, पण ती लांब होती. मीही लांब होतो.

"आरं ए येड्या!" एक आवाज फाटला. "टाक ती! टाक म्हंतो न्हवं! इख हाय त्यात! मरशील!"

आवाज महाराजांचा होता. त्यात संस्कृत नव्हतं, गर्जना नव्हती. निपाणीच्या एखाद्या बांधावरून एका माणसानं दुसऱ्या माणसाला मारलेली ती हाक होती.

पिराजीच्या बोटांमधून तीर्थ गळून गेलं.

"काय म्हणालात, महाराज?" पिराजीनं विचारलं.

महाराजांनी गडू खाली ठेवला आणि तिथेच मातीत बसले. "कृष्णात माझं नाव," ते म्हणाले. म्हणजे तो म्हणाला. त्या क्षणापासून आमच्या तोंडून 'ते' गेलं. डोंगराकडच्या एका मळ्यावर तो फवारणीचा पंप ओढायचा. तिथे या औषधाची ओळख झाली. साहेबानं काढून टाकलं तेव्हा येताना त्यानं दोन-चार डबे उचलले. एका खेड्यात पोटासाठी रागी साफ करून दिली, तर लोक पाया पडले. "मी काय बी सांगितलं न्हाई वो पहिल्यांदा," तो म्हणाला. "लोकच म्हनाले, चमत्कार हाय. मग मीबी म्हनलो, हाय."

लोक उसळले. कुणी भगवं धोतर ओढलं, कुणी काठी उचलली. अण्णा मध्ये पडले.

"हात लावायचा नाही कुणी! फसवलं त्याबद्दल पोलीस बघतील. पण तोंड मिटून बसला असता तर आत्ता पिराजी आडवा झाला असता. तेवढं याच्या खात्यात राहू दे."

पोलीस येईपर्यंत अहल्यानं पिराजीला विहिरीवर नेलं. साबणानं हात, तोंड, अंगावरचे कपडे सगळं धुवायला लावलं आणि मग त्याला डॉक्टरांकडे धाडलं. तो आठ-पंधरा दिवसांत बरा झाला. त्याला सावरायला जास्त वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीतून. "मी इतकी भक्ती केली, ती कुठे गेली?" असं तो कितीतरी दिवस विचारायचा. अहल्या तेव्हा त्याच्याबरोबर बसून कॉफी प्यायची.

त्या दिवशी गर्दी पांगली नाही. तो हरळीबद्दल विचारणारा म्हातारा पुढे आला. "बाई, मग हे औषध वाईटच म्हणायचं?"

"वाईट नाही, आजोबा. औषध म्हणून वापरा, देव म्हणून नको," अहल्या म्हणाली. "रागीला चालतं, पण डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायचं, मूठभर जास्त नाही. तंबाखूला, वांग्याला, तुरीला थेंबही लागता कामा नये. शेजारच्या वावरात तंबाखू असेल तर वारा असताना रागीवरसुद्धा मारायचं नाही. पिराजी अण्णांची वांगी आठवा. ज्या पंपानं हे मारलं तो पंप तंबाखूला कधी लावायचा नाही, कितीही धुतला तरी. हात झाका, नाक झाका, काम झालं की साबणानं अंघोळ करा. पाण्याच्या घागरीत किंवा तांब्यात औषध कधीही ठेवायचं नाही. रिकामा डबा चेचून पुरायचा. त्यात तेल आणायचं नाही."

"आणि तंबाखूतल्या तणाला?" अण्णांनी विचारलं. सकाळपासून ते पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलत होते.

"आज तरी खुरपं, अण्णा. तंबाखूला चालेल असं औषध निघालं तर शेतकी खात्याला विचारू, एका कोपऱ्यात करून बघू, आणि मगच सगळ्या शेतात."

त्या रविवारी कारखान्यातले आम्ही सहा-सात जण खुरपी घेऊन तंबाखूत उतरलो. माझ्या पाठीचं काय झालं ते सांगत नाही. विमानाचं इंजिन उतरवणं त्यापेक्षा सोपं. पण तंबाखू वाचली, विहिरीजवळचा तुकडाही घरातच राहिला.

पुढच्या पावसाळ्यात अण्णांना रागीसाठी डबा हवा होता. अक्का म्हणाल्या, मी येते. शहरातल्या दुकानात चकचकीत कपड्यांतला एक तरुण विक्रेता होता. त्यानं डबा काउंटरवर ठेवला आणि तोंड उघडलं ते मिटेचना.

"एकदम नवीन औषध, अम्मा! परदेशातून आलंय! शास्त्रीय! सगळ्या पिकांना चालतं, कसलाच त्रास नाही. डोळे झाकून मारा!"

"सगळ्या पिकांना?" अक्कांनी विचारलं.

"सगळ्या!"

"तंबाखूला?"

"तंबाखूला तर फारच छान!"

"तू मारून बघितलंस? कुठे? तंबाखूचं काय झालं? डब्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव. मोठ्यानं वाच. इंग्रजी आहे? मग सांग ना मराठीत. कानडीत सांगितलंस तरी चालेल."

विक्रेता वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं की रुंद पानाच्या पिकांपासून हे दूर ठेवा.

अक्का डबा घेऊन बाहेर आल्या. मी हसत होतो. "अक्का, याच्या अंगावर तर भगवंही नव्हतं."

"म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या. "डोळे झाकून मारा म्हणाला ना? डोळे झाका असं जो म्हणतो, त्याच्यापुढे डोळे जास्त उघडायचे."

मला यापेक्षा वेगळं काही सांगायचं नाही. तीर्थ असो की डबा, भगवं असो की कोट, समोरचा काहीही देत असेल तर त्याला विचारा: हे काय आहे, कशानं होतं, कुणाला बाधतं, तू स्वतः करून बघितलंस का? विचारल्यानं खऱ्याचं काही बिघडत नाही. आणि उत्तर मिळालं तरी आधी एका मडक्यात करून बघा. मडकं फुटकं असलं तरी चालतं.